तिसऱ्या सिलिंडरचा हिशेब

इंजिनाची खरी परीक्षा वेगात होत नाही. ती उभ्या जागी होते. महामार्गावर धावणाऱ्या मोटारीत लहानसहान उणिवा झाकून जातात, कारण तेथे प्रत्येक ठोक्यामागे भरपूर हवा, भरपूर इंधन आणि फिरत्या चाकांची गती असते. सिग्नलला गाडी थांबली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंजिनाकडे केवळ स्वतःला जिवंत ठेवण्यापुरते काम उरते. या अवस्थेला कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात. त्या वेळी इंजिन मिनिटाला सुमारे 800 फेरे घेत असते. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट घेतो. म्हणजे मिनिटाला 400 वेळा, आणि चौघे मिळून 1600 वेळा. त्यांपैकी एकाने जरी कामात कसूर केली, तरी सेकंदाला सहा-सात ठोके चुकतात. स्टिअरिंग थरथरते, आरसा हलतो, आसनावर बसलेल्या माणसाच्या दंडापर्यंत तो कंप पोहोचतो. गॅरेजमध्ये या दोषाला एकच शब्द आहे: ‘मिसिंग’.

घाटकोपर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाच्या मोटारीत हा दोष 2023 च्या चातुर्मासात उद्भवला. मोटार मारुती एस्टीम, 2003 च्या दसऱ्याला घेतलेली. 1298 घन सेंटिमीटरचे, इंधन फवाऱ्याने सोडणारे, म्हणजे एमपीएफआय पद्धतीचे इंजिन. वीस वर्षांत ते झिजले होते, तेल पीत होते. म्हणून उन्हाळ्यात लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये ते पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतले गेले. बोअर केले, पिस्टन-रिंगा बदलल्या, हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केला, व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसवले. गाडी पुन्हा तरुण झाल्यासारखी पळू लागली. पूर्व द्रुतगती महामार्गावर तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नव्हते. मात्र उभी राहिली की ती अंग झटकल्यासारखी हलत असे.

ज्या घरातील ज्येष्ठांनी मोटारीचे शास्त्र फियाटवर शिकले, त्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटणे स्वाभाविक होते. घाटकोपरहून कुर्ल्याकडे जाताना आजही ‘प्रीमियर’ हे नाव रस्त्याला चिकटलेले आढळते. सोलापूरच्या जैन कुळात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच फियाट 1100 डिलाइट तयार झाली आणि 1974 पासून तीच ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनावर कार्ब्युरेटर असे. इंजिन डळमळले, तर बॉनेट उघडावे, मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा इकडे किंवा तिकडे फिरवावा आणि कानाने ठरवावे, हा त्या काळचा परिपाठ होता. उपनगरांतील कित्येक दुकानदार हे काम स्वतः करीत.

एस्टीमसारख्या गाडीत तो स्क्रू हाती लागत नाही. दिल्लीत 1999 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खासगी मोटारींना धुराची कठोर मर्यादा लागू झाली, 2001 पासून मुंबईतही भारत स्टेज 2 हे मानक आले, आणि कार्ब्युरेटरचा काळ संपला. मिश्रण ठरवण्याचे काम आता एक छोटा संगणक करतो. आत येणाऱ्या हवेचा दाब, पाण्याचे तापमान, झडपेची स्थिती हे सारे सेन्सर त्याला कळवतात. धुराच्या नळीतील ऑक्सिजन-सेन्सर जळणाचा निकाल सांगतो. आणि संगणक प्रत्येक इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा ते ठरवतो. कारागिराच्या कानाची जागा तारांनी घेतली.

या कुटुंबाला घाई होती, आणि तिला कारण होते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. 2018 साली एकदा वाढवलेली मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपत होती. वडाळ्याच्या कार्यालयात गाडी नेण्यापूर्वी प्रदूषणाचे प्रमाणपत्र हवे, आणि ही चाचणी नेमकी आयडलिंगलाच होते. भारत स्टेज 2 च्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनची दशलक्ष भागांत 750. ज्या सिलिंडरमध्ये ठोका चुकतो, त्यातील इंधन न जळताच बाहेर पडते. पेट्रोलपंपावरच्या यंत्राने गाडी नापास केली.

घरातील 78 वर्षांच्या ज्येष्ठांनी वाहनासंबंधी एक नियम वर्षानुवर्षे पाळला होता. श्रावकाने रोज सकाळी धारण करावयाच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहे. आज कोणती वाहने किती वापरायची, याची मर्यादा त्यात घातली जाते. त्याच्या जोडीला घरात एकाहून अधिक चारचाकी ठेवायची नाही, असे परिमाण त्यांनी घेतले होते. साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. श्रावकाला ते जमत नसेल, तर त्याने निदान मोजून वापरावे, एवढीच त्यांची भूमिका होती. गाडी नापास झाली असती, तर ती भंगारात देऊन नवी घेणे हा सरळ मार्ग होता, आणि मुलाला तो मान्यही होता. “अजून दहा वर्षे चालेल अशी वस्तू मोडून तिच्या जागी नवी आणायची, तर आधी तिच्यात खरोखर काय बिघडले आहे ते कळू दे,” एवढेच वडिलांचे म्हणणे होते.

दोष कोणाचा, यावर मात्र आठवडाभरात चार मते तयार झाली. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाला संगणकाविषयी संशय होता. मुलाला वाटे की टायमिंग बेल्ट एका दाताने सरकलेला असावा. शेजाऱ्यांनी तर निकालच देऊन टाकला: मिस्त्रीने हलके सामान वापरले, पैसे चांगल्या मालाचे घेतले. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या गॅरेजचे नाव लिहून सर्वांना सावध करावे, अशी सूचनाही झाली. मिस्त्रीची काही रक्कम अजून द्यायची होती. ती रोखून धरावी, असा व्यवहारी सल्ला दुकानातील भागीदाराने दिला.

ही कुणकुण मिस्त्रीच्या कानी गेली. तो स्वतः घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “शेठ, इंजिन पुन्हा खोलतो. माझ्या खर्चाने खोलतो. पण माझे काम कच्चे आहे, असे बाजारात जाऊ देऊ नका.”

पुन्हा खोलणे म्हणजे त्याची दहा-बारा दिवसांची मजुरी बुडणे. शिवाय नवीन बसवलेले प्रत्येक गॅस्केट वाया जाणे, आणि तरीही दोष सापडेल याची खात्री नाही. वडिलांनी त्याला आत बोलावले, बसायला लावले आणि विचारले, “मिस्त्री, तुमच्या कामात चूक आहे, असे तुम्हाला स्वतःला वाटते का?”

“वाटत नाही, बाबूजी. पण सिद्ध कसे करू?”

“मग खोलू नका. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वही फाडून नवी लिहीत नाही.”

नंतर त्यांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगितले, ते प्रतिक्रमणात नेहमी म्हटले जाणारे, पण व्यवहारात क्वचित आठवले जाणारे होते. अठरा पापस्थानांत तेरावे स्थान अभ्याख्यानाचे आहे: पुरावा नसताना दुसऱ्यावर दोषाचा आळ घेणे. हिंसा, असत्य आणि चोरी यांच्याच यादीत ते बसवलेले आहे, ही गोष्ट साधी नव्हे. कारागिराची सारी मिळकत त्याच्या नावात असते. गटावरची एक ओळ ते नाव पाच मिनिटांत बुडवू शकते, आणि ओळ पुसली तरी बुडालेले नाव वर येत नाही. मिस्त्रीची ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी द्यावी आणि दोषाचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा, असे ठरले. गटावर काही लिहिले गेले नाही.

शोधाची पद्धत वडिलांनी आपल्या धंद्यातून दिली. चाळीस वर्षे त्यांनी कीर्द-खतावणी स्वतः लिहिली होती. तेरजेत फरक आला, की नवशिका सर्व पाने उलटीपालटी करतो. मुरलेला मुनीम आधी फरकाकडे पाहतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. 63 च्या जागी 36 लिहिले गेले, तर 27 चा फरक पडतो. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली, तर ती नावे-जमेच्या चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. फरक स्वतःच आपल्या जन्माचा पत्ता सांगतो. दुसरा नियम असा की एका वेळी एकच नोंद दुरुस्त करायची. दोन एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. मिस्त्रीला हे लगेच पटले. आरंभीच्या घाईत प्लग, वायर आणि फिल्टर एकदम बदलण्याचा विचार चालला होता. तो सोडून देण्यात आला.

पहिली नोंद संगणकाची. सर्व गाड्यांना चालेल अशा स्कॅनरची सोय 2003 च्या या मोटारीत नव्हती. तिच्या तपासणीच्या जोडात दोन टोके जोडली, की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करून सांकेतिक अंक सांगतो. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला: 12. मारुती-सुझुकीच्या संकेतात याचा अर्थ ‘दोष नोंदलेला नाही’. नातवाचा चेहरा उतरला. पण संगणक निर्दोष ठरला असे नव्हे, त्याला जेवढे दिसते तेवढ्यात दोष नाही, इतकेच सिद्ध झाले.

दुसरी नोंद सिलिंडरांची. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा जोड काढून पाहिला. चांगल्या सिलिंडरचा जोड काढला, की इंजिन दचकते आणि फेरे घसरतात, कारण काम करणारा एक गडी कमी होतो. पहिला काढला, इंजिन दचकले. दुसरा, तेच. चौथा, तेच. तिसरा काढला, तेव्हा जवळजवळ काहीच बदलले नाही. जो आधीच काम करीत नाही, त्याच्या जाण्याने काय फरक पडणार? फरकाचा पत्ता लागला: तिसरा सिलिंडर. टायमिंग बेल्ट सरकला असता, तर चौघांचेही बिघडले असते; तो संशय येथेच मावळला.

यानंतर अदलाबदल. तिसऱ्याचा स्पार्क प्लग दुसऱ्यात घातला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोष प्लगबरोबर गेला नाही, तिसऱ्यातच राहिला. वायरीचेही तसेच. मग कॉम्प्रेशनचे मापक लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजला. चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते. मिस्त्रीने तो कागद हातात धरून काही क्षण नुसता पाहिला. रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड, म्हणजे ज्यावर त्याने महिनाभर घाम गाळला होता ते सारे, त्या चार आकड्यांनी निर्दोष ठरवले होते. हलक्या सामानाचा आरोप तेथेच संपला, आणि तो उघडपणे कधी केला गेला नव्हता, म्हणून परत घेण्याची वेळही कोणावर आली नाही.

तिसरा इंजेक्टर पहिल्याच्या जागी आणि पहिला तिसऱ्याच्या जागी बसवला. दोष तरीही तिसऱ्यातच. ठिणगी ठीक, दाब ठीक, इंधन ठीक. मग उरली ती हवा. जी मोजून आत येते ती नव्हे, तर जी चोरवाटेने शिरते ती. आयडलिंगला झडप जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डमध्ये जोराचे शोषण असते. कोठे बारीकशी फट असेल, तर इंजिन तेथून हवा ओढते. फट एखाद्या सिलिंडरच्या तोंडाशीच असेल, तर त्या एकाच सिलिंडरचे मिश्रण इतके विरळ होते की ते पेटतच नाही. गाडी वेगात असताना झडप उघडते, शोषण कमी होते, आणि येणाऱ्या भरपूर हवेत ती चोरटी हवा नगण्य ठरते. महामार्गावर गुणी आणि सिग्नलला हट्टी, या वागण्याचा उलगडा येथे झाला.

फट शोधण्यासाठी काही कारागीर ज्वालाग्राही फवारा मारतात. तापलेल्या इंजिनावर तो धोका पत्करायचा नाही, म्हणून मिस्त्रीने साबणाचे पाणी आणि लहान ब्रश घेतला. मॅनिफोल्डच्या कडेने, नळ्यांच्या जोडांवरून, ब्रेकच्या रबरी नळीवरून ब्रश फिरला. काही झाले नाही. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी पाणी लागले, आणि ते आत ओढले गेले. क्षणभर इंजिनाचा सूर बदलला. सर्वांनी तो ऐकला.

इंजेक्टर जेथे मॅनिफोल्डमध्ये बसतो, तेथे रबराची एक जाड कडी असते. इंजेक्टर काढला तरी ती आपल्या खाचेतच राहते. म्हणून अदलाबदलीत दोष हलला नव्हता. वीस वर्षे उष्णता सोसून ती प्लास्टिकसारखी कडक झाली होती आणि एका बाजूस तडकली होती. इंजिन बांधताना आणलेल्या गॅस्केटच्या संचात या कड्या नव्हत्या. जुन्या वरवर धड दिसत होत्या, त्या तशाच बसल्या. काढण्या-घालण्यात थकलेल्या रबराने जीव सोडला. ज्याचे त्याचे आयुष्य संपते, तसे तिचे संपले होते. चार नव्या कड्यांची किंमत चौघांच्या नाश्त्याएवढी झाली.

या दोषात लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट होती. तिसऱ्या सिलिंडरमध्ये न जळलेला ऑक्सिजन धुराच्या नळीत जाई. तेथील सेन्सर त्यावरून समजे की इंजिनाला इंधन कमी पडत आहे. आणि संगणक इमानाने चारही सिलिंडरांना अधिक इंधन देई. जे तिघे नीट काम करीत होते, त्यांच्या पदरी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पडे, आणि धूर अधिक दूषित होई. सेन्सर खोटे बोलत नव्हता, संगणकही नियम मोडत नव्हता. सेन्सरने सांगितलेले खरे होते, पण ते पूर्ण नव्हते; अपुऱ्या सत्यावर घेतलेला निर्णय तिघा निर्दोषांना भोवत होता. स्याद्वादाची शिकवण ‘एका अपेक्षेने असे आहे’ इतकेच म्हणण्याचा आग्रह धरते, त्यामागे हाच अनुभव असावा. शेजाऱ्यांचे अनुमानही सर्वस्वी निराधार नव्हते: इंजिन बांधण्यापूर्वी गाडी थरथरत नव्हती, बांधल्यावर थरथरू लागली. तेवढ्या निरीक्षणावरून कारागिराच्या नियतीवर उडी मारणे, ही मात्र संगणकाचीच चूक माणसाने करणे होय.

कड्या बदलल्या, थ्रॉटल बॉडीतील काजळी पुसली, बॅटरी काही वेळ सोडून संगणकाला नव्याने शिकू दिले. गाडी उभ्या जागी शांत झाली. प्रदूषणाच्या चाचणीत दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले. धुरातील ही घट कागदी समाधानाची नव्हती. ज्या परंपरेत वायूलाही वायुकाय जीवांचे शरीर मानले जाते, त्या घरात ती मनाला लागलेली बाब होती. वडाळ्याच्या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. शोधाच्या दोन दिवसांची मजुरी मिस्त्री घेईना. “दोष माझ्या हातून झाला नसेल, पण माझ्या हाताखालून गेला,” असे तो म्हणाला. वडिलांनी ऐकले नाही. रक्कम दिली आणि रोजमेळात लिहिली.

त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. कुर्ल्यात जन्मलेल्या त्या गाड्यांना वाहनशास्त्राने नव्हे, वयाच्या नियमाने थांबवले. एस्टीम त्याहून नशीबवान. कायद्याने विंटेज म्हणवून घ्यायला 50 वर्षे लागतात, आणि तेवढा पल्ला ती गाठेल असे कोणी मानत नाही; पण तिच्या वाट्याची चाल अजून शिल्लक आहे.

पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला कुटुंबाने नेहमीप्रमाणे सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. मिस्त्रीलाही फोन केला. परंपरेने ज्याची क्षमा मागायची, त्या यादीत त्याचे नाव होतेच, परंतु त्या नावापुढे वेगळे असे काही सांगायचे उरले नव्हते. वर्षाच्या हिशेबात एक खाते विनाफरक जुळले होते.